दहा यार्डांची साखळी

व्हर्डेन, लुइझियाना
४ सप्टेंबर २०१८

हार्लन,

कोणी मेलेलं नाही. आधी हेच लिहितो, कारण वीस वर्षांनी पाकिटावर बापाचं अक्षर दिसलं की माणूस तेच समजणार. पत्ता मला चर्चमधल्या मिस ऑरेलियानं दिला. तू तिला दर नाताळात कार्ड पाठवतोस, हे तिनं आजवर मला कळू दिलं नव्हतं. तुला मुलगा झाला एवढंच एकदा प्रार्थना सुटल्यावर पुटपुटली होती. तिच्याशी मी सध्या बोलत नाही.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. तू तिकडे मास्तर झालायस म्हणे, तर लाल शाईनं चुका काढत बसू नकोस.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या गुरुवारी विद्यापीठाचा फुटबॉल कोच आपल्या पडवीत येऊन बसला. स्पार त्याचं नाव. पस्तिशीचा असेल. बूट बाहेर काढून आला, म्हणजे आईनं काहीतरी शिकवलंय. मी भेंडी घालून गंबो केला होता. दोन वाडगे भात ओरपून झाल्यावर म्हणाला, "मिस्टर क्लोव्हिस, आयोवात एलिस नार्सिस म्हणून एक पोरगा आहे. चेंडू घेऊन काय पळतो! आडनाव वाचलं आणि म्हटलं, हे बेणं आपल्याच मातीतलं."

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. बर्फात एक पोरगा पळत होता. हेल्मेटमुळे तोंड दिसलं नाही. पण डावं कोपर बाहेर काढून पळत होता, तुझ्यासारखं. समोरच्यानं कंबरेला मिठी मारली तरी तीन पावलं त्याला ओढत नेलं. सतरा वर्षांचा नातू मी पहिल्यांदा बघितला तो परक्याच्या फोनवर, अंगठ्याएवढा. कोचानं दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली.

त्यांना एलिस हवा आहे. डिसेंबरात सह्या होतील. तू नको म्हणशील हे मला माहीत आहे, म्हणून आधी माझं ऐकून घे. अख्ख्या राज्यात एवढं मोठं विद्यापीठ हे एकच. दर परगण्यातलं पोर पाळण्यात असल्यापासून तिथेच खेळायचं म्हणतं. टेक्सासमध्ये बघ, चार-पाच विद्यापीठं एकाच ताटात हात घालतात. इथे ताट एकाचं. आणि पोरं कशी पिकतात इथे, तुला सांगायला नको. कोच सकाळी निघतो, दुपारी कुणाच्या तरी आजीच्या हातचं जेवतो, संध्याकाळी घरी. बाहेरच्यांना दोन विमानं बदलावी लागतात. 'राज्याभोवती कुंपण घाला, आतली पोरं बाहेर जाऊ देऊ नका,' असं हे कोच लोक म्हणतात. एलिस कुंपणाबाहेर जन्मला हा काही त्याचा दोष नाही.

माझ्या फाटकापासून मैदानाच्या दारापर्यंत एक तास चाळीस मिनिटं लागतात. माझं वय सत्त्याहत्तर. डाव्या कमरेत लोखंड आहे. आयोवापर्यंत मी येऊ शकत नाही, आणि तू बोलावलंही नाहीस.

कळव.

तुझा बाप,
क्लोव्हिस

१९ सप्टेंबर २०१८

हार्लन,

पत्र पोचलं की नाही? इथली नवी पोस्टवाली बाई तंद्रीत असते, शेजाऱ्याचं औषध माझ्या पेटीत टाकून जाते. म्हणून हे दुसरं लिहितो. पहिलं पोचलं असेल आणि तू मुद्दामच गप्प असशील, तर ही आठवण समज.

पाचट जाळणं यंदा लवकर सुरू झालं. अंगणात काळी राख पडते, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात. तुझी आई असती तर कारखान्याच्या मालकाला फोन करून झापलं असतं.

तू काय म्हणशील ते मी मनात शंभरदा ऐकलं. 'पपा, मलाही असंच घरी ठेवलं होतं. काय झालं माझं?' म्हण. मी ऐकून घेतो. पण त्या वेळी काय परिस्थिती होती, तीही आठव. तुझी आई शहरात इस्पितळात. फुप्फुसाचं ऑपरेशन. घशात नळी, बोलता येईना. मी एक दिवसाआड बसनं जायचो, आणि तू शाळा, सराव आणि घर बघायचास.

आयोवाचा तो कोच आठवतो? लिंडक्विस्ट. तेव्हा नोव्हेंबरात तो आपल्याकडे लोकरीचा कोट घालून आला आणि भिजलेल्या मेंढीसारखा घामाघूम झाला. चिखलात त्याची भाड्याची गाडी रुतली. युलिस फोंतेनोनं ट्रॅक्टर लावून काढली आणि वर म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे बर्फात गाडी रुतते तेव्हा कोण काढतं? की वसंतापर्यंत आतच बसता?" बिचारा हसला. तुझ्या आईसमोर बसून म्हणाला, "मॅडम, थंडी वाईट आहे, खोटं सांगणार नाही. पण हा पहिल्याच वर्षी खेळेल. आमच्याकडे असे पळणारे पिकत नाहीत." ती तेव्हा अजून घरी होती. तिनं त्याला पेकानचे दाणे घातलेला केक बांधून दिला.

मग फेब्रुवारीतला तो बुधवार. शाळेच्या ग्रंथालयात टेबलावर दोन टोप्या, दोन कागद. कागदावर तुझी सही आणि पालकाची सही, दोन्ही हव्यात. फॅक्सच्या यंत्राजवळ बाई बसलेली. लिंडक्विस्टचा तिला सकाळपासून सहावा फोन, "कागद निघाला का?" सगळ्या गावाला ठाऊक होतं की तू उत्तरेची टोपी उचलणार. आणि तू इथली जांभळी उचललीस. लोक ओरडले, बँड वाजला. तू टोपी डोक्यावर ठेवलीस, पण तोंड असं, की जणू कुणी डोक्यावर विटांची पाटी ठेवली.

आदल्या दिवशी मी तुला इस्पितळातून आणलेला निरोप दिला होता, की आई म्हणते जवळच राहा. आजारी बाईचा शब्द तू राखलास. पोरानं तेच करायचं असतं. मी त्यात काय वाईट केलं?

चार वर्षं तू बाकावर बसलास, हे खरं. तुझ्यापुढे तिघे होते, तिघेही याच राज्यातले, आणि मग तुझा गुडघा गेला. हे कुणाला आधी ठाऊक असतं?

उत्तर दे. दोन ओळी दे.

क्लोव्हिस

२ ऑक्टोबर २०१८

हार्लन,

तू बरोबर चारच ओळी पाठवल्यास. मोजून पाठवायची सवय तुला माझ्याकडूनच लागली असेल. तरी मी ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलंय. 'पत्रं मिळाली. एलिसला सांगितलं. त्याला तुम्हाला भेटायचं आहे, आणि तिकडे यायलाही तो तयार होईल. तो एकच विचारतो: तिथे मला खेळवतील का? खरं माहीत असेल ते लिहा, मी त्याला तसंच वाचून दाखवीन.'

खेळवतील की! का नाही खेळवणार? आयोवाच्या बर्फात जो एवढा पळतो, तो इथल्या हिरवळीवर काय करेल?

तुझ्या खोलीतला पलंग मी रंगवायला काढला. सहा फूट एक इंच म्हणे तो, पाय बाहेर येतील. युलिसला बोलावून पलंगाची मापं घेतली. तो म्हणाला, "क्लोव्हिस, पोरगा विद्यापीठात राहणार, तुझ्याकडे नाही. पलंग कुणासाठी?"

"सुट्टीला येईल."

"अजून सही नाही, काही नाही. तुझं आपलं अंडं फुटायच्या आधीच कोंबडीला नाव ठेवायचं काम."

मी म्हटलं, "तू तुझ्या ट्रॅक्टरचं बघ."

साखळीवर माझ्याबरोबर आयुष्य काढलेला हा माणूस. त्याच्या हातात एक काठी, माझ्या हातात दुसरी, मधे दहा यार्डांची साखळी. चार झटक्यांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाही तर द्या दुसऱ्याला. पंच हात करेल तेव्हा धावत मैदानात जायचं, साखळी ताणायची, बोटभर फरकावर शाळेचं नशीब ठरायचं. सत्तावीस वर्षं शाळेच्या मैदानावर, पुढची बावीस विद्यापीठाच्या मोठ्या मैदानावर. युलिसला मोठ्या मैदानावर कुणी बोलावलं नाही. त्या वर्षापासून त्याचं बोलणं असं तिरकं.

एलिसला सांग, आजोबा म्हणतात ये.

क्लोव्हिस

२१ ऑक्टोबर २०१८

हार्लन,

कोच स्पार शुक्रवारी शाळेच्या सामन्याला आला होता. मी मुद्दाम गेलो. काठी टेकत टेकत जुन्या जागी जाऊन उभा राहिलो. त्याला विचारलं.

तो म्हणाला पोराचे पाय चांगले आहेत. म्हणाला, तोल चांगला आहे. आणखीही बोलला. बँडचा आवाज फार होता, आणि माझा उजवा कान तुला माहीत आहे, कारखान्याच्या बॉयलरवर गेला. पण एकंदर बोलणं चांगलं झालं असं म्हणायला हरकत नाही.

हवा अजून गरमच आहे. डॉक्टरनं गोळी बदलली, नवीन गोळीनं तोंड कोरडं पडतं. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं पलंगाचा ओला रंग चाटला. जगलं ते. रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिलाय, दोन दिवस झाले, होत नाही. काही कारण नाही, होत नाही एवढंच.

एलिसला तिकडच्या विद्यापीठानंही बोलावलंय का? म्हणजे तुमच्या घराजवळच्या? ते किती लांब पडतं, हे कळव. सहज विचारतो.

क्लोव्हिस

१२ नोव्हेंबर २०१८

हार्लन,

एलिसचं स्वतःचं पत्र आलं. पहिलंच. 'डिअर ग्रँडपा' लिहिलंय. पेन्सिलनं आधी रेषा आखून घेतल्यात. तुमच्या घरापासून चाळीस मिनिटांवरचं विद्यापीठ त्याला बोलावतंय, त्यांना तो पुढच्या आठवड्यात 'नाही' म्हणून कळवणार आहे. शेवटी विचारलंय, 'तिकडे थंडी नसते ना? मग माझा जाड कोट इथेच कुणाला देऊन येऊ का?'

त्याला सांग, कुणालाही 'नाही' म्हणून कळवू नकोस. अजून नको. आणि कोट कुणाला देऊ नकोस.

बाकीचं लिहितो. पुढच्या पत्रात.

क्लोव्हिस

६ डिसेंबर २०१८

हार्लन,

तीन आठवडे लागले. चार वेळा लिहून फाडलं. तुझा फोन दोनदा वाजला, तूच असणार, आयोवाचा नंबर होता. उचलला नाही. आवाज ऐकला असता तर मी पुन्हा काहीतरी गोड सांगितलं असतं. कागदावर मला खोटं बोलायला वेळ लागतो.

आधी स्पारचं सांगतो. त्या शुक्रवारी मला सगळं नीट ऐकू आलं होतं. डावा कान चांगला आहे आणि तो डाव्या बाजूलाच उभा होता.

मी विचारलं, "माझ्या नातवाला खेळवाल का?"

तो म्हणाला, "मिस्टर क्लोव्हिस, तुमचं मीठ खाल्लंय, खोटं सांगत नाही. यंदा तीन पळणारे घेणार. दोन आपल्याच राज्यातले. ते आधी. त्यांच्या पुढे दोन गेल्या सालातले, तेही इथलेच. एलिस पाचवा."

"का? पाय कमी पडतात?"

"पाय नाही कमी. पण त्या पोरांच्या शाळांचे कोच मला दर शुक्रवारी भेटतात. त्यांचं पोर मी बाकावर बसवलं, तर पुढच्या सालापासून त्या शाळेचं दार मला बंद. आमचं पोट याच राज्यावर आहे. आयोवाचं पोर बाकावर बसलं, तर मला जाब कोण विचारणार?"

"मी विचारीन."

तो हसला. वाईट नाही हसला, आपल्या माणसावर हसतात तसा. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "तुम्ही साखळीवाले आहात हो, मिस्टर क्लोव्हिस. आमचेच."

मी म्हटलं, "मग घेता कशाला त्याला?"

"त्या दोघांपैकी एखाद्यानं ऐनवेळी शब्द फिरवला तर? जागा मोकळी नको."

तो माणूस सरळ आहे. विचारलं आणि त्यानं सांगितलं. लबाडी केली ती मी, घरी येऊन तुला बँडचा आवाज फार होता असं लिहून.

आता जुनं.

हेच बोलणं मी आधी ऐकलं होतं. त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात, त्याच जागी, काठी हातात धरून. तेव्हाचा कोच टीग माझ्यामागे त्याच्या माणसाशी बोलत होता. साखळीवाल्याला कान असतात हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणाला, "नार्सिसचं पोर? घेऊन ठेवू. आपल्याकडे त्याच्याहून चांगले तिघे आहेत. पण बाहेर गेलं तर दोन वर्षांनी परत येऊन आपल्यालाच धुऊन काढेल. कपाटात ठेवलेलं बरं."

मी वळून बघितलं. त्याला कळलं मी ऐकलं. त्याला हेही कळलं की मी कोण.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत आला. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "क्लोव्हिस, मोठ्या मैदानावर साखळीला एक माणूस हवाय. ओळखीचा असलेला बरा."

बस एवढंच. त्यानं काही लिहून दिलं नाही, मी काही मागितलं नाही. ऐंशी हजार माणसांसमोर पांढरा सदरा घालून धावत मैदानात जायचं, आणि माझी काठी रोवली जाईपर्यंत सगळ्यांनी श्वास धरायचा. बॉयलरवर कोळसा आणि चिपाडं ढकलण्यात जन्म गेलेल्या, सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला त्यानं ते दाखवलं, आणि मी बघितलं. तुझ्यासाठी मी काहीतरी चांगलं करतोय असंही मी स्वतःला सांगितलं. कष्ट करील, तिघांना मागे टाकील. बापाला असं वाटतंच. पण हार्लन, ते मला वाटत नव्हतं, मी ते वाटून घेतलं होतं.

आता तुझ्या आईचं. हे लिहायलाच तीन आठवडे लागले.

तिनं जवळ राहा असं कधीच म्हटलं नाही.

लिंडक्विस्ट येऊन गेला त्याच आठवड्यात तिनं कॅटलॉग बघून तुझ्यासाठी कोट मागवला. निळा, आत लोकरीचं अस्तर, टोपी जोडलेली. मला सांगितलं नाही, मिस ऑरेलियाच्या हातून फॉर्म पाठवला. जानेवारीत ती इस्पितळात असताना पार्सल आलं, माझ्या हातात. मी उघडलं. पुन्हा बांधलं आणि माळ्यावर ठेवलं.

घशात नळी असताना ती पाटीवर लिहायची, पाटी संपली की चिठ्ठीवर. फेब्रुवारीच्या एक तारखेला तिनं मला चिठ्ठी दिली. ती माझ्याकडे आहे, यात घालतोय. अक्षर तू ओळखशील. 'हार्लनला म्हणावं जा. माझ्यासाठी थांबलास तर मी रागवेन. कोट आला का?'

मी मान हलवून नाही म्हटलं. कोट आला नाही म्हटलं. चिठ्ठी खिशात घातली, बस पकडली, आणि घरी येऊन तुला उलटा निरोप दिला.

ती बरी होऊन घरी आली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. तिला मी सांगितलं, "पोरानं स्वतःच ठरवलं, तुला सोडून जायचं नाही म्हणाला." ती रडली. तुझ्यासमोर तिनं हा विषय कधी काढला नाही, तुला ओशाळं वाटेल म्हणून. तूही काढला नाहीस, तिला वाईट वाटेल म्हणून. तुम्हा दोघांचा चांगुलपणा माझ्या उपयोगी पडला. कोटाबद्दल मात्र तिनं कंपनीला दोन पत्रं लिहिली. 'माझा मुलगा गेला नाही, तरी पार्सल कुठे अडलं ते कळवा.' ती पत्रं टाकायला मीच पोस्टात जायचो. टाकली नाहीत.

तिच्या मातीच्या दिवशी तू म्हणालास, "पपा, चार वर्षं तुम्ही माझ्यापासून दहा यार्डांवर उभे होता आणि एकदाही मागे वळून बघितलं नाहीत." मी म्हटलं, साखळीवाल्यानं मैदानाकडे बघायचं असतं, बाकाकडे पाठ, असा नियम आहे. टाळी वाजवायची नाही, आपल्या बाजूचं ओरडायचं नाही. खरंच नियम आहे तो. त्या नियमाचे मी रोज आभार मानले.

आता एलिस विचारतो ते सांगतो. त्याला हेच्या हेच वाचून दाखव, तू तसं लिहिलं होतंस.

बाळ, तुला इथे खेळवणार नाहीत. तू वाईट खेळतोस म्हणून नाही. इथे तुझ्यासाठी भांडायला कुणी नाही, आणि एक आजोबा आहे तो भांडू शकत नाही. पोरानं घराजवळ खेळावं, आपली माणसं गाडी काढून बघायला यावीत, आपल्या गावच्या कोचाचा मान त्याच्या पाठीशी असावा, असं मी तुझ्या बाबाला तीन महिने लिहीत होतो. ते सगळं खरं आहे. फक्त तुझं घर तिकडे आहे. चाळीस मिनिटांवर. तिथे तुझ्यासारखे पिकत नाहीत, म्हणून तुला जपतील. एकोणीस तारखेला तिथली टोपी उचल. पालकाची सही तुझा बाप करेल, आणि तो बघून करेल.

हार्लन, तू आता फोन करू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर लिही, मी वाचेन. नाही लिहिलंस तरी मी समजेन. पलंग युलिसच्या पुतणीला दिला. युलिसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मोठ्या मैदानावर मला बोलावलं नाही ते माझं नशीब चांगलंच म्हणायचं." आणि जेवण न करता गेला.

कोट वेगळ्या पार्सलनं येतोय. स्वतः पोस्टात नेला, पावती घेतली, त्या तंद्रीतल्या बाईला दोनदा पत्ता वाचून दाखवायला लावला. माळ्यावर होता, कागदात, डांबराच्या गोळ्या घालून. वास येईल, चार दिवस उन्हात टाक. किमतीची चिठ्ठी अजून तशीच आहे. तुला आता होईल की नाही कोण जाणे, पोट सुटलं असेल. नाही झाला तर एलिसला दे.

मोठा वाटेल. तिनं दोन मापं मोठाच मागवला होता. मिस ऑरेलियानं विचारलं होतं म्हणे, एवढा कशाला? तर म्हणाली, "तिकडे जाऊन वाढेल तो."

क्लोव्हिस